रिकाम्या ताटलीचा शोधनिबंध

संशोधन जरूर करावं. फक्त ज्या जिन्यावरून रोज चढायचं-उतरायचं, त्या जिन्यावर करू नये. बाकीचे धडे ओघात येतील तसे येतील, पण एवढा एक मी आधीच सांगून टाकतो. माझं ऐकून कोणी एक जरी शहाणा झाला तरी माझी फजिती कारणी लागली असं मी समजेन.

मी अबू वाइल. आमच्याकडे मुलाच्या नावाने बाप 'अबू' होतो आणि आई 'उम्म'; वाइल माझा मुलगा. तो कुवेतला नोकरीला गेला आणि त्याचं नाव तेवढं मला चिकटून इथे अम्मानमध्ये राहिलं. पाणीखात्यातून निवृत्त झालो आणि संध्याकाळच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकायला जाऊ लागलो. समाजशास्त्रच का, असं लोक विचारतात. निवृत्त नवरा सकाळपासून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून 'काय करतेस?' विचारू लागला, की बायको त्याला कुठल्याही शास्त्राकडे पाठवायला तयार होते. परीक्षा सगळ्या पार पडल्या आणि शेवटी उरला एक शोधनिबंध. तो दिला की पदवी मिळणार होती.

विषय मात्र सुचेना. सल्ल्यांची कमतरता नव्हती. वरच्या मजल्यावरचे अबू राकान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे सल्लाही हुकमासारखा देतात.

"विषय कसला शोधताय? आपल्याकडे आठवड्यातून एकदाच पाणी का येतं, यावर लिहा! तुम्ही तर त्याच खात्यातले. आम्हाला कधी सांगितलं नाहीत, निदान कॉलेजला तरी सांगा."

आता, मी पाणीखात्यात बिलांच्या तक्रारी घेत होतो, पाणी सोडत नव्हतो. पण हा फरक आमच्या इमारतीत आजवर कोणालाही पटलेला नाही. गच्चीवरच्या टाक्या कोरड्या पडल्या की लोक आधी आभाळाकडे आणि मग माझ्याकडे बघतात.

समोरच्या दारातल्या उम्म निदालनी दुसराच विषय काढला. "घटस्फोट का वाढले यावर लिहा, अबू वाइल. उत्तर मी सांगते. मोबाईल! झाला की नाही निबंध?"

मी मान डोलावून घरात आलो, तर सुहैरने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्या हातात एक ताटली ठेवली. द्राक्षाच्या पानांत भात भरून केलेल्या गुंडाळ्या, वर लिंबाच्या फोडी. "गार व्हायच्या आत उम्म निदालला देऊन या."

ताटली उम्म निदालचीच होती, कडेला निळी फुलं असलेली. गुरुवारी तीवर रव्याची गोड हरीसा आली होती.

"आणि ही मी रिकामीच नेऊन दिली तर?" मी सहज विचारलं. खरंच सहज, मनात दुसरं काही नव्हतं.

पायजमा न घालता खाली भाजी आणायला जाऊ का, असं विचारल्यावर बायको जशी बघेल तशी सुहैर माझ्याकडे बघत राहिली. "भांडं रिकामं परत जात नाही."

"पण का?"

"का म्हणजे?"

"म्हणजे का जात नाही?"

"अबू वाइल, गुंडाळ्या गार होताहेत."

तिथेच, उंबरठ्यावर, मला माझा विषय सापडला. हा प्रश्न आपल्याला इतक्या वर्षांत कसा पडला नाही, याचंच मला नवल वाटलं. सुहैर नवी नवरी म्हणून या इमारतीत आली त्या आठवड्यापासून या दोन दारांमधून ताटली जाते आहे. मुलं झाली, म्हातारे गेले, उम्म निदालचे यजमान गेले, लढाया झाल्या, बर्फ पडलं, तरी ताटली थांबली नाही. एका हिवाळ्यात कपडे वाळत घालायच्या दोरीवरून दोघींचा अबोला झाला होता. तेव्हाही ताटली जात होती, फक्त माझ्या हातून. दोघींची तोंडं बंद आणि मी हमाल. सुहैरला इथे ना बहीण ना आई. जे काय माहेर आहे ते समोरच्या दाराच्या आत आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी मी पुढचं सगळं केलं.

आमच्या डॉक्टर रीमा, म्हणजे निबंधाच्या मार्गदर्शक बाई, माझ्या वाइलपेक्षाही लहान आहेत. मी वर्गात उभा राहून मोठ्या ऐटीत विषय वाचून दाखवला: 'भांडे रिकामे परत जात नाही: एक अभ्यास.'

"कशावरून?" बाई म्हणाल्या.

"कशावरून म्हणजे? सगळ्यांनाच माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत असतं त्याला आपण संशोधन म्हणत नाही, उस्ताद. त्याला आजीचं म्हणणं म्हणतात. कोणी रिकामं पाठवून पाहिलंय?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. मी वर्गाकडे बघितलं. कोणीच पाठवलं नव्हतं.

"म्हणजे रिकामं गेलं तर काय होतं, ते कोणालाच माहीत नाही," बाई हसून म्हणाल्या आणि दुसऱ्या मुलाकडे वळल्या. मी खाली बसलो. घरी येईपर्यंत आणि आल्यावरही माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. काय होत असेल बरं? भांडण? अबोला? की काहीच नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण उगाच गुंडाळ्या वळतो आहोत?

सुरुवात मी नुसत्या निरीक्षणाने केली. दाराजवळ खुर्ची मांडली आणि दाराच्या भोकाला डोळा लावून बसू लागलो.

"दाराला कान लावून काय बसता? लोक काय म्हणतील?" सुहैर म्हणाली.

"कान नाही, डोळा," मी म्हणालो. शास्त्रात अचूकपणा हवा.

निरीक्षणातून प्रश्न सुटायच्या ऐवजी वाढतच गेले. एकदा अबू राकानांकडून ताटली परत आली तीवर दोन लिंबं होती. दोन लिंबांनी ताटली भरली असं म्हणायचं का? एकदा उम्म निदालनी नुसती पुदिन्याची काडी पाठवली, पण अर्धा तास जिन्यात उभं राहून माफी मागितली. मग ती माफी पदार्थात धरायची की नाही? प्लास्टिकच्या डब्याला हा कायदा लागतो का, असं मी अबू राकानांच्या सुनेला विचारलं. ती म्हणाली, मुळीच नाही. तिच्या सासूबाई आतून म्हणाल्या, का नाही? त्यावरून वरच्या मजल्यावर जे सुरू झालं ते अबू राकान मला भेटेपर्यंत चालूच होतं. "तुमचं शिक्षण तुमच्या मजल्यावर ठेवा," असं त्यांनी मला बजावलं.

मग सुहैरच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सुहैर चार दिवस तिच्याकडे, शेजारच्या झर्क्याला गेली. मी घरी एकटा आहे हे कळताच उम्म निदालनी निळ्या फुलांच्या ताटलीतून तांदळाची खीर पाठवली, वर दालचिनी. मी खीर खाल्ली, ताटली धुतली, पुसली, आणि माझ्या मनात विचार आला की हीच वेळ.

लिहायला सोपं आहे. पण रिकामी ताटली हातात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर पडणं किती अवघड असतं, ते करून बघा म्हणजे कळेल. माझा डावा हात आपसूक खजुरांच्या बरणीकडे गेला. मी तो मागे घेतला. दारापर्यंत आलो, तर मन म्हणालं, निदान एक संत्रं? मी मनाला सांगितलं, बाबा रे, एका संत्र्याने सगळा प्रयोग नासेल. शेवटी हात मागे बांधता येईनात म्हणून ताटली दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि समोरची घंटी कोपराने वाजवली.

उम्म निदालनी दार उघडलं. त्यांनी ताटली घेतली. वर बघितलं. मग ताटली उचलून तिच्या खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आधी चेहऱ्याकडे, नंतर चपलांकडे.

"खीर छान होती," मी म्हणालो.

"अंगी लागो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अल्लाह भलं करील, अबू वाइल. सगळं ठीक होईल." आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

एवढंच? मी निराश झालो. भांडण नाही, टोमणा नाही. मी निबंधात लिहिलं, 'विशेष प्रतिक्रिया आढळली नाही.' शाई वाळायच्या आत घंटी वाजली. दारात मक्लूब्याचं भांडं होतं, आख्खं. एका माणसाला हा भात आठवडाभर पुरला असता. भांड्यामागे उम्म निदाल होत्या, पण त्या माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या.

"जास्तीचा झाला होता," त्या म्हणाल्या आणि घाईघाईने परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी वरून मसुराचं सूप आलं. मग खालून चिकन. मग कोणाकडून तरी ऑलिव्ह तेलाचा डबा आला, नाव न सांगता. मी जिन्यात आलो की बोलणी थांबत. अबू राकान एका सकाळी दारात येऊन उभे राहिले, घसा साफ केला, आणि ज्या आवाजात ते फौजेत वाईट बातम्या सांगत असतील त्या आवाजात म्हणाले, "हे बघा, माणसावर वेळ येते. त्यात लाज कसली? माझ्या चुलतभावाची पावाची भट्टी आहे. पहाटे कोणी विश्वासू माणूस हवाय. पाव मोजायला." आणि जाताना आपला फौजी ओव्हरकोट माझ्या खुर्चीवर ठेवून गेले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रिकामी ताटली म्हणजे अपमान, असं मी धरून चाललो होतो. अपमान वगैरे कोणाच्या स्वप्नातही आला नव्हता! अबू वाइलच्या घरातून रिकामी ताटली येते, याचा अर्थ अबू वाइलच्या घरात एक संत्रं नाही, एक खजूर नाही, पुदिन्याची काडीसुद्धा नाही, आणि त्याने आपली बायको बहिणीकडे जेवायला पाठवली आहे. बुडाला बिचारा! माझी मान शरमेने खाली गेली, पण खोटं कशाला बोलू, मनातून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

मी धावत डॉक्टर रीमांकडे गेलो. त्यांचेही डोळे चमकले. "खबरदार, इतक्यात कोणाला सांगू नका! सांगितलंत की लोक बदलतील. थोडे दिवस तोंड बंद."

हे 'तोंड बंद' मला भलतंच महागात पडलं. आधी कुवेतहून वाइलचा फोन आला.

"बाबा, मला का नाही सांगितलंत?"

"काय?"

"उम्म निदाल खालांचा फोन आला होता. रडत होत्या. म्हणाल्या, जन्मदात्याला विसरलास का रे? बाबा, जुगारबिगार तर नाही ना?"

मग सुहैर परत आली. स्वयंपाकघरात पाय ठेवला, ओट्यावर, जमिनीवर, फ्रीजवर मांडलेली पातेली बघितली आणि पांढरीफटक पडली. आमच्याकडे शेजाऱ्यांकडून एवढं अन्न एकाच प्रसंगी येतं.

"कोण गेलं?" ती कशीबशी म्हणाली.

"कोणी नाही. लोकांचं प्रेम आहे."

"तुमच्यावर?" सुहैरला ते मुळीच पटलं नाही. पण तिच्यापुढे आता त्याहून मोठं संकट होतं. इतकी भांडी परत जायची होती, आणि भांडं रिकामं परत जात नाही. तिने बाह्या सरसावल्या. खजूर भरून ममूल केले, कोशिंबिरी केल्या, कोबीची पानं भरली. भांडी भरून गेली. आणि इमारत गहिवरली. 'बघा, स्वतः उपाशी राहून आपल्याला पाठवतात! याला म्हणतात खानदान!' दुसऱ्या दिवशी दुप्पट भांडी आली. सुहैरने ती भरून पाठवली. तिसऱ्या दिवशी जिन्यात वर जाणारी भांडी आणि खाली येणारी भांडी यांना एकमेकांना वाट द्यावी लागत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त मी हात नाही, ताटली दाखवली होती.

शेवटी मोहल्ल्याच्या मदत समितीचे अबू मआज तांदळाचं पोतं घेऊन दारात आले. मी म्हणालो, भाऊ, काहीतरी गैरसमज झालाय, आम्हाला गरज नाही.

अबू मआजनी डोळे पुसले. "खरा गरजू हेच म्हणतो."

"पण मी खरंच गरजू नाही!"

"खरा गरजू दोनदा म्हणतो," असं म्हणून त्यांनी पोतं आत सरकवलं.

भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी अवस्था झाली. बरं, पोतं परत न्या म्हटलं तर त्यांचाही नियम होता: समितीच्या यादीत चढलेलं नाव दाखल्याशिवाय उतरत नाही. मी मोहल्ल्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या कारकुनाने वर न बघता विचारलं, "गरिबीचा दाखला? दोन शेजाऱ्यांची साक्ष लागेल."

"गरिबीचा नाही. गरीब नसल्याचा."

आता त्याने वर बघितलं. "तसा दाखला नसतो."

"मग मी गरीब नाही हे कसं ठरणार?"

तो भला माणूस होता, त्याने विचार केला. "असं करा. गरिबीच्या दाखल्यासाठी अर्ज करा. तुम्हाला पेन्शन आहे, अर्ज नामंजूर होईल. मग ती नामंजुरीची चिठ्ठीच समितीला दाखवा."

मी सरकारी खात्यात आयुष्य काढलेलं. ही वाट मला सरळ वाटली. मी अर्ज केला. साक्षीला अबू राकान आले, बरोबर आणखी चौघे. साक्ष देताना अबू राकानांचा आवाज कापत होता. त्यांनी ओव्हरकोटाची गोष्ट सांगितली, कोबीच्या पानांची सांगितली. कारकुनाने नाक शिंकरलं. अर्ज मंजूर झाला.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त काय छळत होतं, तर उम्म निदालचा चेहरा. माझी उत्सुकता अजून होतीच, पण आता त्या उत्सुकतेच्या आत काहीतरी टोचत होतं. एरवी या बाईच्या तोंडाचा पट्टा चालू असतो. हल्ली मला बघून त्या नुसत्या मान हलवत. सुहैरलाही त्या काही विचारत नव्हत्या, कारण विचारलं तर तिची मान खाली जाईल. सुहैर मला म्हणे, "हिला झालंय तरी काय? मला बघून डोळ्यांत पाणी आणते." मी निबंधात डोकं खुपसून बसे.

डॉक्टर रीमांनी शेवटी सांगितलं, आता बास, लिहायला घ्या. पण ज्यांच्यावर प्रयोग केलात त्या प्रत्येकाचं संमतीपत्र सहीसकट हवं, नाहीतर निबंध दाखल होणार नाही. मी कागद घेऊन दारोदार फिरलो. कोणी वाचायची तसदी घेतली नाही. माझ्या मदतीसाठी कुठेतरी अर्ज चाललाय, असंच सगळ्यांनी धरलं. अबू राकान म्हणाले, "कुठे करू सही? मुलांच्याही घ्या की!" सगळा जिना सह्या करून मोकळा झाला. उरल्या उम्म निदाल.

त्यांनी मला बसवलं, कॉफी दिली, आणि चष्मा शोधायला लागल्या.

"वाचायची गरज नाही, रीत म्हणून आहे," मी म्हणालो.

"न वाचता सही करायची नाही, असं अबू निदाल मला शेवटच्या दुखण्यात सांगून गेलेत." चष्मा सापडला. त्या मोठ्याने वाचू लागल्या. "'सहभागी व्यक्तीस प्रयोगाचा भाग म्हणून रिकामे भांडे परत करण्यात आले व तिच्या प्रतिक्रियेची नोंद घेण्यात आली.' सहभागी व्यक्ती म्हणजे मी?"

"हो."

"म्हणजे तुमच्या घरात सगळं ठीक आहे?"

"अल्लाहची कृपा."

"वाइलची नोकरी?"

"आहे."

"सुहैरला काही दुखणंबिखणं?"

"नाही."

त्यांनी छातीवर हात ठेवला आणि इतका लांब श्वास सोडला की कॉफीच्या कपातली वाफ हलली. "सुटले बाई," त्या म्हणाल्या. मग पेन घेऊन त्यांनी सही केली, नाव नीट पूर्ण लिहिलं, आणि कागद माझ्या हातात देताना विचारलं, "रात्र रात्र माझ्या डोळ्याला डोळा नव्हता, अबू वाइल. ते कुठल्या रकान्यात लिहिलंय?"

तसा रकाना नव्हता. त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं आणि दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

घरी येऊन मी सुहैरला सगळं सांगितलं. ती ओरडेल म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या होत्या, पण ती ओरडली नाही.

"तिच्या हातात दिलीत? रिकामी?"

"हो."

"आणि तिने काय केलं?"

"ताटलीच्या खाली बघितलं."

सुहैर मटकन खाली बसली. मला त्या क्षणी स्वतःचा असा राग आला की तो निबंध तिथल्या तिथे चुलीत घालावा असं वाटलं. घातला नाही, कारण आमच्याकडे गॅस आहे.

बाकीच्या इमारतीला सगळं कळलं तेव्हा लोक पोट धरधरून हसले. अबू राकानांनी ओव्हरकोट परत मागून घेतला आणि त्याच दिवशी ऊन असूनही घालून फिरले. अबू मआजनी पोतं उचललं, पण 'दाखला मात्र खरा आहे' असं म्हणून नाव यादीत ठेवलं ते आजतागायत. फक्त समोरचं दार हसलं नाही. सुहैर स्वतः भरलेली ताटली घेऊन गेली. उम्म निदालनी तिचं तोंडभरून स्वागत केलं, कॉफी पाजली, आणि म्हणाल्या, "आत्ताच जेवले मी, उम्म वाइल." ताटली घेतली नाही. जिला त्या जन्मभर 'सुहैर, ए सुहैर' म्हणून हाका मारत आल्या, तिला 'उम्म वाइल'! सुहैर ताटली जशीच्या तशी घेऊन परत आली आणि बराच वेळ नळाखाली धुतलेलीच भांडी धूत राहिली. शिवी परवडली असती, पण हा मान फार लागला.

निबंध मात्र गाजला. डॉक्टर रीमांनी तो वर्गात वाचून दाखवला, मला पहिला नंबर दिला आणि म्हणाल्या, "एकच उणीव आहे, उस्ताद. ही देवाणघेवाण थांबते कधी, ते तुम्ही लिहिलं नाहीत." उत्तर मला आता माहीत होतं. पण ते लिहून आणखी गुण मिळवायची माझी इच्छा नव्हती. मी म्हणालो, पुढच्या संशोधकाला काहीतरी राहू दे.

पदवी मिळाली आणि घरात मिठाई आली नाही. सुहैर 'मुबारक' म्हणाली, कागद चष्म्याशिवाय बघितला आणि कपाटावर ठेवला. मिठाईचं पहिलं तबक समोर जायचं असतं, आणि समोर जायची तिची हिंमत नव्हती. दिवसभर ती कामं करत होती, पण समोरच्या कडीचा जरा आवाज झाला की तिचे हात थांबत. ते मला बघवेना. शेवटी, ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेली बघून मी स्वयंपाकघरात शिरलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मुजद्दरा केला. मसूर शिजले, तांदूळ त्यापेक्षा जास्त शिजले, वरचा तळलेला कांदा काळा झाला. मीठ घातलं की नाही ते आठवेना. विचारायचं कोणाला? तसाच ताटलीत वाढला आणि समोरची घंटी वाजवली.

उम्म निदालनी दार उघडलं. 'आत्ताच जेवले' हे त्यांच्या ओठावर आलं होतं, मला दिसलं. पण त्यांची नजर कांद्यावर पडली.

"हे काय आहे?"

"मुजद्दरा."

"कोणी केला?"

"मी."

"तुम्ही?" त्यांनी वाकून वास घेतला. संशोधक काही मी एकटाच नव्हतो. "थांबा इथे."

त्या ताटली घेऊन आत गेल्या. चमचा वाजला. मग नळाचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा ताटली धुतलेली होती, पुसलेली होती, आणि तीवर काहीही नव्हतं. त्यांनी ती माझ्या दोन्ही हातांत ठेवली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता मीही बघते, काय होतं ते."

जिना चार पावलांचा, पण मला तो ओलांडता येईना. रिकामी ताटली घेऊन मी सुहैरपुढे कसा जाणार होतो? ती गच्चीवरून खाली आली होती, दारातच उभी होती, टोपली कमरेवर. तिने ताटली घेतली. वर बघितलं. मग उचलून खाली बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि टोपली तिथेच जमिनीवर ठेवून ती स्वयंपाकघरात धावली.

मी मागोमाग गेलो. "अगं, त्यांच्याकडे काही झालेलं नाही! त्यांनी मुद्दाम पाठवलीय. मला धडा शिकवायला."

"मला कळत नाही का ते?" सुहैर म्हणाली. तिने गॅस पेटवला होता आणि ती कांदा चिरत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कांद्याचं असणार. "मुद्दाम पाठवली म्हणून काय रिकामी ठेवू?"

तिने मांसाचे गोळे तळले, चिंचेच्या आंबट रश्शात सोडले, वर चिलगोजे घातले. ताटली माझ्या हातात देऊन तिने मला बाहेर ढकललं. मी घंटीला कोपर लावणार तोच समोरचं दार उघडलं. उम्म निदाल आतून कडीवर हात ठेवूनच उभ्या असाव्यात. त्यांनी ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे ढुंकूनही न बघता माझ्या खांद्यावरून पलीकडे मान लांबवली आणि सगळा जिना दणाणेल अशी हाक मारली.

"सुहैर! ए सुहैर! तुझ्या घरातलं मीठ संपलंय का गं? ह्यांचा मुजद्दरा खाल्ला मी!"

"मीठ आहे!" माझ्या पाठीमागून सुहैर ओरडली. "अक्कल संपली आहे!"

आणि मग दोघी आपापल्या दारात उभ्या राहून बोलू लागल्या: झर्क्याच्या बहिणीचा गुडघा, वाइलचं लग्न, वरच्या सुनेचे प्लास्टिकचे डबे. इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. मी मध्ये ताटली धरून उभा होतो, आणि रस्सा गार होत होता. ती कोणी माझ्या हातातून घेईल का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.